बायोडाट्यातली तीन वर्षं

आमच्या एका घराच्या त्या काळात तीन चुली झाल्या होत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. तिकडंच खोली करून राहायचे, शनिवारची सकाळची शाळा आटोपून हदगावला घरी यायचे आणि सोमवारी पहाटे पुन्हा निघायचे. मी लातूरला, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला. आणि आई हदगावला एकटी; घर, एक म्हैस आणि बटईनं दिलेलं थोडंसं रान सांभाळत. तीन माणसांनी तीन गावी कशाला राहायचं, म्हैस विकून कुणातरी एकाच्या खोलीवर तिघांनी का राहू नये, असं आता वाटतं. तेव्हा ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पोरीला डॉक्टर करायचं म्हणजे असंच करायचं असतं असं आम्ही धरून चाललो होतो, आणि आमच्या गल्लीतल्या आणखी दोन-तीन घरांची तीच तऱ्हा होती.

लातूरची माझी खोली ‘कॉट बेसिस’वर होती. म्हणजे खोली आपली नसते, खोलीतली एक लोखंडी कॉट आपली असते, आणि त्या कॉटखाली जेवढा सरकवता येईल तेवढा संसार आपला. चार कॉटा, चार पेट्या, भिंतीवर चौघींनी चिकटवलेली चार वेळापत्रकं. पहाटे पाचला चौघींचे अलार्म एकापाठोपाठ वाजायचे आणि मग उजाडेपर्यंत नुसतं पुटपुटणं चालायचं. कुणी हाडांची नावं घोकतंय, कुणी सूत्रं. बाहेर दूधवाल्याची फटफटी, शेजारच्या खोलीतला कुकर, समोरच्या इमारतीतून तसंच पुटपुटणं. त्या गल्लीत पाठांतर करणारी हजारेक पोरं-पोरी असतील, पण एकमेकींशी बोलायला कुणाला फुरसत नव्हती. जेवण डब्याचं. पातळ वरण, वांगं नाहीतर बटाटा, आणि चार पोळ्या, त्याही दुपारपर्यंत वातड झालेल्या. महिन्यातून एकदा अण्णा यायचे तेव्हा आईनं दिलेली धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याच्या मसालेदार पिठाची, पुडी घेऊन यायचे. येसराची आमटी करायची असते, पण खोलीत काही शिजवायची परवानगी नव्हती. मी ते येसर कोरडंच तेलात कालवून पोळीला लावून खायची. आईनं फोनवर विचारलं, “आमटी जमली का?” की मी म्हणायची, “लई छान झाली होती.”

पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं. दुसऱ्या वर्षी थोडं जास्त हुकलं. तिसऱ्या वर्षी खोलीतल्या पोरी मला ताई म्हणू लागल्या. पहिल्या खेपेच्या तिघींपैकी दोघी मेडिकलला लागल्या होत्या, एक फार्मसीला गेली. नव्या तिघी आल्या, त्याही गेल्या, परत नव्या आल्या, आणि खिडकीजवळची कॉट मात्र तीन वर्षं माझीच होती. एक पोरगी मला म्हणाली, “ताई, तुम्हाला तर हे सगळं पाठच झालं असेल ना?” तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. खरोखर कौतुकानं म्हटलं होतं. म्हणूनच ते इतकं लागलं की त्यानंतर मी त्या पोरींशी बोलणंच टाकलं. एका रविवारी संध्याकाळी आईचा फोन आला आणि मी ‘हॅलो’ म्हणायला गेले तर घशातून आवाज फुटेना. तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून मी एकही शब्द बोललेली नव्हते.

आईचा फोन रोज सातला यायचा. बोलणं ठरलेलं. जेवलीस का, झोप होते का, अभ्यास बरा चाललाय का. मग ती म्हशीचं सांगायची, शेजारणीच्या सुनेचं सांगायची. “तू बरी हायेस ना?” असं मी विचारलं की म्हणायची, “मला काय धाड भरलीय?” आणि दोघीही एकमेकींना सगळं ठीक असल्याचं सांगून फोन ठेवायचो. मी तेव्हा एवढी माझ्यातच बुडालेली होते, की आठवड्याचे पाच दिवस रिकाम्या घरात संध्याकाळी सात वाजता फोन हातात घेऊन बसणारी बाई काय करत असेल, हा विचार मला एकदाही शिवला नाही. ही कबुली द्यायला मी आज बसले आहे, बाकी सगळं त्या कबुलीच्या निमित्तानं.

तिसरा निकाल लागल्यावर अण्णा लातूरला आले, पेटी आणि गादी एसटीच्या टपावर चढवली आणि आम्ही नांदेडमार्गे हदगावला आलो. सबंध प्रवासात ते एवढंच म्हणाले, “बी.एस्सी. करू. बी.एस्सी. काय वाईट हाय?” घरी आईनं करडईची भाजी आणि गरम भाकरी पुढ्यात ठेवली आणि शेजारी बसून राहिली.

नांदेडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा तर बारावीनंतरच्या तीन वर्षांचं काय, असा प्रश्न आला. आपल्याकडं शिक्षणात खंड पडला की त्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. अण्णा आणि मी तहसीलसमोर गेलो. तिथं लिंबाखाली एक टायपिंगवाला कॉम्प्युटर मांडून बसायचा. वायर मागच्या झेरॉक्सच्या दुकानातून ओढलेली. त्याच्याकडं मजकूर तयारच असायचा, फक्त नाव आणि सालं बदलायची.

“किती साल गॅप?” त्यानं स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं.

“तीन,” अण्णा म्हणाले.

“कारण काय टाकू? आई आजारी का बाप आजारी?”

अण्णा गडबडले. “आजारी कुणीच न्हाई. पोरगी परीक्षेची तयारी करून राहिली होती लातूरला.”

“सर, तयारी लिवली की मग विचारतेत, कुठं केली, पावत्या आणा, पास का न्हाई झाली. आजारात कुणी काय विचारत न्हाई. तुम्ही नोकरीला हाव का?”

“हाव. शाळेवर.”

“मग तुम्हाला आजारी करून जमत न्हाई, रजेचा कागद मागतील. आई टाकतो.” आणि त्यानं टाकली.

वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला तासभर उभं करणारा माझा बाप त्या लिंबाखाली खिशातून टायपिंगचे पैसे काढत होता. कागद छापून निघाला. ‘माझी आई सतत आजारी असल्याने व तिची देखभाल करण्यासाठी घरात दुसरे कोणी नसल्याने मी सदर कालावधीत घरीच राहून तिची सेवा करीत होते. सदर कालावधीत मी इतरत्र कोठेही शिक्षण घेतलेले नाही अथवा नोकरी केलेली नाही. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे.’ मी सही केली, तहसीलीत जाऊन शिक्का मारून घेतला. परतताना अण्णा म्हणाले, “आईला नको सांगू. उगं मनाला लावून घेईल.” कागद निळ्या फाईलमध्ये गेला, फाईल पेटीत गेली, आणि मला वाटलं विषय संपला.

बी.एस्सी. झालं, त्यावर लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा झाला. डिप्लोमाच्या शेवटी आमचे एक सर बायोडाटा कसा लिहायचा ते शिकवायला तीन दिवस आले. कडक माणूस, पण जीव तोडून शिकवायचा. आम्ही सगळ्यांनी बायोडाटा म्हणून जे लिहून नेलं होतं ते जवळजवळ सारखंच होतं, कारण सगळ्यांनी ते कॉलेजसमोरच्या एकाच दुकानातून करून घेतलं होतं. मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, सकारात्मक आहे, छंद वाचन आणि गाणी ऐकणे. सरांनी ते सगळे कागद टेबलावर आपटले. “तुम्ही कशा आहात ते मला नको. तुम्ही काय केलंय ते लिहा. मेहनती आहे असं लिहायला काय लागतं? कुठं मेहनत केली ते दाखवा. एका पानात. आणि वर्षं नीट मांडा. मध्ये रिकामी जागा दिसली की वाचणाऱ्याची नजर आधी तिथंच जाते.”

सर म्हणाले ते खोटं नव्हतं. आता एका लॅबची सगळी जबाबदारी माझ्याकडं आहे आणि नव्या पोरापोरींचे बायोडाटे माझ्या टेबलावर येतात. चष्मा लावून मीसुद्धा पहिल्यांदा सालंच बघते, आणि मध्ये दोन-तीन वर्षं गायब दिसली की बोट तिथंच थांबतं. मी त्या पोरांना त्या वर्षांबद्दल आधी काही विचारत नाही, आधी चहा मागवते.

पण त्या दिवशी मी कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि बारावी आणि बी.एस्सी.च्या मधे तीन वर्षांचं भगदाड होतं. काय केलंय ते लिहा, म्हणे. मी काय केलं होतं? एका कॉटवर बसून तीन वर्षं तीच पुस्तकं वाचली होती आणि तीनदा हरले होते. ‘प्रवेश परीक्षेची तयारी’ असं एकदा टाइप केलं, पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. बाकीच्या पोरींची पानं भरत चालली होती. कुणी एन.एस.एस.चं शिबिर लिहीत होतं, कुणी रक्तगट तपासणीचं. सर मागून येऊन उभे राहिले.

“गॅपचं काय लावलंय कागदपत्रांत?”

“आई आजारी होती सर,” मी म्हणाले. तोंडातून ते इतकं सहज गेलं की माझं मलाच नवल वाटलं.

“मग तेच इथं पाहिजे. दोन कागदांनी दोन गोष्टी बोलून चालत नाही.” मग त्यांचा आवाज थोडा उतरला. “आणि त्यात लपवण्यासारखं काय आहे, बाळ? दवाखान्यातल्या नोकरीला याहून चांगलं काय पाहिजे? नुसतं ‘आजारी’ असं नको. काय काय केलंस ते लिही.”

मग मी लिहिलं. औषधं वेळेवर देणं, अंघोळ घालणं, उठवून बसवणं, रोजच्या तब्येतीची वहीत नोंद ठेवणं. इंग्रजीत लिहिलं म्हणून ते माझं नाहीच असं वाटत होतं, दुसऱ्या कुठल्या तरी गुणी मुलीचं वाटत होतं. सरांनी वाचलं आणि पाठीवर हात ठेवला. माझ्या सबंध बायोडाट्यात तेवढ्याच दोन ओळी वाचण्यासारख्या होत्या.

नांदेडच्याच एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये मुलाखतीला बोलावणं आलं. लॅबच्या प्रमुख एक पॅथॉलॉजिस्ट होत्या, पन्नाशीच्या; सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांनी डिप्लोमाच्या गुणांकडं बघितलंही नाही. बोट बरोबर त्या दोन ओळींवर ठेवलं.

“आईला काय झालं होतं?”

“संधिवात,” मी म्हणाले.

“कुठला?”

आणि मी सांगू लागले. कुठले सांधे, सकाळचा ताठरपणा, कुठली तपासणी, औषधांचे पोटावर होणारे परिणाम. तीन वर्षं जे घोकून काही मिळालं नव्हतं ते त्या दिवशी पाण्यासारखं वाहिलं. परीक्षेत असं लिहिलं असतं तर डॉक्टर झाले असते. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझी आई सहा महिन्यांखाली गेली. दोन वर्षं अंथरुणावर होती. मी इथं, ती गावाकडं. बाई ठेवली होती तिच्याजवळ.” बायोडाटा बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, “सोमवारपासून या. घरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटचं रक्त घ्यायचं काम तुम्हालाच देते. त्यांच्याशी कसं वागायचं ते तुम्हाला शिकवायला नको.”

जिना उतरताना मला आनंद व्हायला पाहिजे होता. नोकरी लागली होती, पहिल्याच झटक्यात. पण मला चोरी करून निघाल्यासारखं वाटत होतं, आणि चोरी आईच्या घरातली.

त्यापुढचे सहा महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात एकटे महिने होते, लातूरपेक्षाही. लातूरला निदान खोटं तरी बोलावं लागत नव्हतं, येसराच्या आमटीपुरतं सोडलं तर. मॅडम फार चांगल्या वागायच्या. पेशंटनं दिलेली सफरचंदं माझ्या हातात ठेवायच्या, “आईला पाठव.” थंडी पडली की विचारायच्या, “दुखतं का गं त्यांचं?” मी मान हलवायची. त्या सफरचंदांना मला हात लावावासा वाटायचा नाही. खोलीमालकिणीच्या नातवंडांना देऊन टाकायची. लॅबमधल्या बाकीच्या पोरी डबा खाताना घरच्या गोष्टी सांगायच्या. मी घरचं काही बोलायला गेले आणि आई रानात गेली होती, खुरपत होती, असं तोंडून निघालं तर? म्हणून मी एकटीच, गर्दी ओसरल्यावर जेवायची. मॅडमना वाटायचं, घरच्या काळजीनं पोरगी अबोल झालीय. शिवाय एक भीती वेगळीच. आपण कागदावर लिहिलं ते खरं होईल की काय, अशी. फोनवर आई नुसती खोकली तरी मी दोन-दोनदा विचारायची, ताप तर नाही ना. पुढं तिचे गुडघे खरंच धरले, पण सत्तरीनंतर, आणि त्या वयात सगळ्यांचेच धरतात.

आई म्हणायची, “तुझी नोकरीची जागा तरी दाखव एकदा.” मी काहीतरी कारण काढायची. आता गर्दी आहे, आता साथ चालू आहे, दवाखान्यात कशाला येतेस. तिनं दोन-तीनदा विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं. माणसाचा मान राखून गप बसण्याची तिची सवय मला तेव्हा सोयीची वाटली.

मग दवाखान्याची कसलीशी तपासणी निघाली आणि सगळ्यांचे मूळ कागद दोन दिवसांत हवे झाले. माझी निळी फाईल हदगावच्या पेटीत. मी आईला फोन केला, “फाईल कंडक्टरजवळ दे, मी स्टँडवर येऊन घेते.”

“कंडक्टरजवळ कशाला? इतके महत्त्वाचे कागद. मीच येते.”

“तू नको येऊस आई, तुझी दगदग होईल.”

“कशाची दगदग? दोन घंट्यांचा तर रस्ता हाय,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी साडेनऊपासून जिन्याकडं बघत होते. खाली जाऊन फाटकातच तिला अडवायचं, फाईल घ्यायची, चहा पाजायचा आणि परत पाठवायचं असं ठरवलं होतं. पण नेमकं तेव्हाच एका लेकराचं रक्त घ्यायला मला आत बोलावलं. बाहेर आले तर आई दोन जिने चढून, एका हातात पिठाची पिशवी, दुसऱ्या हातात दशम्यांचा डबा आणि काखेत निळी फाईल घेऊन काउंटरसमोर उभी. धाप नाही, काही नाही. तिच्यापुढं मॅडम. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हिची आई आलीय.

“या, या, बसा आधी,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्वतः खुर्ची ओढली. “एवढं ओझं घेऊन का चढलात? पाय कसे आहेत आता?”

नळ्यांचा ट्रे मी दोन्ही हातांनी धरला. संपलं, असं मी मनात म्हणाले. आता आई म्हणणार, पायाला काय झालंय? आणि मग सगळं उलगडणार. नोकरी जाईल ती जाईल, पण या दोघींसमोर मी कुठं तोंड लपवू? आईनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग पिशवी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकवला आणि सावकाश, दोन दमात, खुर्चीत बसली.

“आता बरं हाय बघा,” ती म्हणाली. “लेकीनं लई केलं माझं.”

मॅडम तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. “फार त्रास काढलात म्हणे.”

“हाव. पण ही जवळ होती ना.” आई फाईलवरून हात फिरवत होती. “पहाटं उठून मला पाणी तापवून द्यायची. येणी घालून द्यायची. माझे हात वर जायचे न्हाईत तेव्हा. सांजच्याला दिवा लागला की माझ्या उशाशी बसून मोठ्यानं वाचायची. इंग्रजीतलं कायबाय. मला काय कळतंय त्यातलं? पण मी आपली ऐकत पडायची. घरात माणसाचा आवाज असला की बरं वाटतं बघा. भाकर मात्र जाड करायची. मी म्हणायची, अगं पातळ थाप. मग हसायची. कधी कधी दोघी एकाच ताटात जेवायचो.”

मॅडमचे डोळे भरले होते. त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मी ट्रे घेऊन तशीच उभी होते. मी कधी आईची वेणी घातलेली नव्हती. आम्ही मोठेपणी कधी एका ताटात जेवलो नव्हतो. पण ती जे सांगत होती त्यात अडखळणं नव्हतं, आठवून सांगितल्यासारखं ती सांगत होती.

मॅडमना मी खरं सांगितलं, पण ते बऱ्याच पुढं, दीड-एक वर्षानं, माझं मलाच असह्य झालं तेव्हा. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या दिवशी तुझ्या आई मला जे सांगत होत्या, ते मग काय होतं?” नोकरी राहिली. मी बायोडाटा बदलून त्यांच्या टेबलावर ठेवला: तीन वर्षं लातूर, प्रवेश परीक्षेची तयारी, यश आलं नाही. त्यांनी तो फाईलला लावला. आईसाठीची सफरचंदं मात्र बंद झाली, आणि ते बरोबरच होतं.

आई फाईल घेऊन आली त्या दिवशी कागदांच्या झेरॉक्स काढून झाल्यावर फाईल मला परत मिळाली आणि मी तासाभराची सुट्टी घेऊन आईला स्टँडवर सोडायला गेले. ऑटोत ती बाहेर बघत होती. हदगावची गाडी लागलेलीच होती. तिला खिडकीची जागा मिळाली, मी खाली उभी.

“आई, तू वाचलंस ते?” मी विचारलं.

“घरीच वाचलं. फाईल बरोबर हाय का म्हणून उघडली तर वरच होतं. सातवी शिकलेली हाय मी.”

“चुकलं माझं. तहसीलसमोरच्या माणसानं लिहिलं, मग ते तसंच पुढं...”

“राग आला आधी,” आई म्हणाली. “धडधाकट बाईला आजारी पाडलंत बापलेकीनं. मला विचारलं बी न्हाई. मग परत एकदा वाचलं.” समोरच्या गाडीत शेंगा विकणारी बाई चढत होती, आई तिच्याकडं बघत राहिली.

“पण एवढं सगळं तुला ऐन वेळी सुचलं कसं?” मला खरंच कळत नव्हतं. “वेणीचं, वाचण्याचं?”

“ऐन वेळी कशाचं?” आई म्हणाली. “तीन वर्षं रोज सांजच्याला एकटीपुरती भाकर टाकताना तेच तर चालायचं डोक्यात. पोरगी आता घरी असती तर काय करती, काय बोलती. तेच सांगितलं त्या बाईला.”

मला रडू आलं. स्टँडवर, भर गर्दीत, आणि मी ते आवरलं नाही. ड्रायव्हर चढला, गाडी सुरू झाली. आईनं खिडकीतून हात बाहेर काढला.

“तो कागद तुमच्या मॅडमला लागतो का आता?”

“न्हाई. झेरॉक्स घेतली त्यांनी.”

“मग दे इकडं.”

“खोटा आहे गं तो. घरी जाऊन फाडूनच टाकते.”

“फाडू नको,” ती म्हणाली. “तू तीन वर्षं माझ्यापाशी होतीस म्हणून लिवलंय त्याच्यावर. सरकारी शिक्का बी हाय.”

मी फाईलमधून तो कागद काढला आणि तिच्या हातात दिला.